काचेचं घर वाजतं तेव्हा

गायकाच्या मागे भलामोठा एलईडी पडदा असणं आता आपल्याकडेही रुळलं आहे. गाण्यात चंद्र आला की पडद्यावर चंद्र उगवतो, पाऊस आला की सरी कोसळतात. मला याचा मनापासून त्रास होतो. डोळ्यांना सगळं आयतं मिळालं की कान सुस्तावतात.

नाद आणि चित्र एकत्र नांदू शकतात, हे मला पटवलं जपानचे र्‍युइची साकामोटो आणि जर्मनीचे कार्स्टन निकोलाय या जोडीने. साकामोटो म्हणजे ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळवणाऱ्यांपैकी एक. निकोलाय ‘आल्वा नोटो’ या नावाने संगीत करतात, पण मुळात ते दृश्यकलावंत. २००२च्या ‘व्रिऊन’ या अल्बमपासून साकामोटोंचे पियानोवरचे मोजके स्वर आणि निकोलाय यांचे संगणकावर घडवलेले बारीक नाद एकमेकांत मिसळत गेले. पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. न विरणाऱ्या नादाची साकामोटोंना ओढ होती, आणि निकोलाय तो विरता स्वरच धरून ठेवतात. ‘इन्सेन’ या त्यांच्या अल्बमच्या मैफलींत मागच्या पडद्यावर त्या स्वरांसरशी प्रकाशाच्या आकृत्या हलत. चंद्र नाही, पाऊस नाही. स्वर आला की आकृती जागी होते, आणि त्यामुळे आपण जास्त नीट ऐकतो.

पण माझं मन रमतं ते या जोडीच्या ‘ग्लास’ या मैफलीत. कनेटिकटमधल्या न्यू केननला वास्तुकार फिलिप जॉन्सन यांनी १९४९ साली स्वतःसाठी बांधलेलं, काचेच्या भिंतींचं घर आहे. २०१६ मध्ये दृश्यकलावंत यायोई कुसामा यांनी त्या काचांवर लाल ठिपके लावले होते. त्या ठिपक्यांच्या वेढ्यात या दोघांनी चक्क घरच वाजवलं! काचेला कॉन्टॅक्ट माइक चिकटवले होते. हा माइक वस्तूच्या अंगातली थरथर टिपतो. साकामोटो रबरी डोक्याची काठी भिंतीवरून सावकाश ओढतात आणि अख्खी भिंत खोल आवाजात कण्हते. जी काच आपण बघतोय, तीच ऐकतोय. साकामोटोंना गळ्याच्या कर्करोगाचं निदान होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, तरी त्या हाताला कसलीच घाई नाही.

साकामोटो मार्च २०२३ मध्ये गेले. काचेच्या घरातल्या त्या मैफलीचं चित्रीकरण आहे, ते जरूर पाहा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. काचेचे ते खालचे नाद स्पीकरमधून येतच नाहीत.