रोज पाच ओव्या, अर्थासकट

तुमच्या देवघरात ज्ञानेश्वरी असेल, कापडात नीट बांधलेली. सप्ताह आला की तुम्ही पारायणाला बसता. सात दिवसांत अठरा अध्याय होतात. मग पोथी पुढच्या सप्ताहापर्यंत तशीच राहते.

पारायण जरूर करा. पण देवाची ओळख वाढावी असं मनापासून वाटत असेल, तर रोज थोडं वाचा आणि समजून वाचा.

पहिल्या अध्यायापासूनच सुरुवात हवी असं नाही. बारावा घ्या, तो भक्तीचा. गीतेत त्याचे २० श्लोक, ज्ञानेश्वरीत २४७ ओव्या. रोज पाच घेतल्या तरी पन्नास दिवसांत अध्याय होतो.

पोथी सार्थ आणा. तिच्यात आजच्या मराठीत अर्थ दिलेला असतो. मूळ ओव्यांची भाषा शके १२१२ ची, म्हणजे सातशेहून जास्त वर्षांपूर्वीची. शब्द अडला तर त्यात कमीपणा कसला? ओवी आधी मोठ्यानं म्हणा, मग अर्थ वाचा, मग पुन्हा ओवी म्हणा.

त्या वेळी टीव्ही बंद ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत.

या अध्यायात देव आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतो. जो कुणाचा द्वेष करत नाही. ज्याचा लोकांना जाच नाही, आणि लोकांमुळे जो कावत नाही. इथे थांबा. सकाळी सुनेला लागेल असं बोललात ते आठवेल. बांधावरून भावाशी अबोला आहे तो आठवेल. पान उलटू नका. तेच देवापुढे ठेवा. “पांडुरंगा, माझ्या मनात त्याच्याबद्दल अढी आहे. माझ्यानं ती सुटत नाही. तू सोडव.” असं आपल्या साध्या बोलीत म्हणा. देवाला ते पुरतं.

मागणंही मागा. मुलाची नोकरी, गुडघ्याचं दुखणं, कर्जाचा हप्ता, सगळं सांगा. पण सांगून लगेच उठू नका. थोडा वेळ नुसते बसा. मन भटकलं तर नाम घ्या, ते परत येईल.

एक मात्र सांभाळा. वाचनात खंड पडला तर अरिष्ट येतं, असं कुणी सांगितलं तर भिऊ नका. घरात आजारपण निघालं, पाहुणे आले, तर राहू द्या. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे वाचा. देवाची भेट घडवतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि देवावर भरवसा आहे म्हणून डॉक्टरची औषधं बंद करू नका.

नातवंडं शेजारी येऊन बसली, तर एखादी ओवी त्यांना म्हणू द्या. उच्चार चुकला तरी मध्येच टोकू नका.