अक्षम्य पाप : दार कोण बंद करतो?

परमताविषयी अभिप्राय देण्यापूर्वी ते मत त्याच्याच ग्रंथांतून समजून घ्यावे, हा विचारविमर्शाचा पहिला दंडक आहे. ख्रिस्ती श्रद्धेतील ‘अक्षम्य पापा’च्या बाबतीत तर तो कटाक्षाने पाळावयास हवा. क्षमेला एवढे उच्च स्थान देणाऱ्या शुभवर्तमानातच एका पापाला कधीही क्षमा नाही, असे सांगितले आहे. ही विसंगती मानावी काय?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायातील प्रसंग पाहावा. येशू भूतबाधा झालेल्यांना मुक्त करीत होते. यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांना ते नाकारता येईना. म्हणून भुतांच्या अधिपतीच्या बळावर हा भुते काढतो, असा आरोप त्यांनी केला. त्यावर येशूंनी बजावले, की मनुष्याच्या सर्व पापांची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याच्या निंदेची होणार नाही. मत्तय तर असेही नोंदवितो, की खुद्द मनुष्याच्या पुत्राविरुद्ध, म्हणजे येशूंविरुद्ध, काढलेला शब्दही क्षम्य आहे.

येथे मर्म स्पष्ट होते. हा इशारा अजाणतेपणी चुकलेल्यांना नाही. डोळ्यांसमोरील मांगल्याला सैतानी ठरविणाऱ्या जाणत्यांना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी अखेरच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप नाकारणारे कठोर अंतःकरण, असा या पापाचा अर्थ लावला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅथॉलिक धर्मशिक्षिकाही सांगते, की ईश्वरी दयेला सीमा नाही. मात्र जो ती जाणूनबुजून झिडकारतो, तो क्षमाच नाकारतो. औषध अपुरे नसते, रोगीच ओठ मिटून घेतो. येशूंना तीनदा नाकारणारा पेत्र आणि त्यांच्या अनुयायांचा छळ करणारा पौल या दोघांनाही क्षमा लाभली, ती याचमुळे.

दुर्दैव असे, की विद्वानांच्या अहंकारावर उगारलेला हा आसूड पुढे हळव्या मनांवर पडला. इंग्लंडमधील जॉन बन्यन यांच्या मनात ख्रिस्ताला सोडून देण्याचा एक विचार येऊन गेला आणि आपल्या हातून हेच पाप घडले, या भयाने ते दीर्घकाळ तळमळले. १६६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी ती व्यथा मांडली. अखेर ते सावरले. कवी विल्यम कूपर यांच्या वाट्याला तेही आले नाही. १७६३ मधील मनोविकाराच्या झटक्यात हीच भीती त्यांना ग्रासून गेली. १७७३ मधील एका स्वप्नानंतर आपण कायमचे त्यागले गेलो आहोत, या समजुतीने त्यांनी चर्चमध्ये जाणेच सोडले. ज्यांची स्तोत्रे इतरांना धीर देत होती, तो कवी १८०० मध्ये निराशेतच निवर्तला.

वास्तविक, ‘माझ्याकडून ते पाप घडले असेल काय?’ या चिंतेने जो व्याकूळ होतो, त्याचे अंतःकरण कठोर झालेले नसते. त्याची व्याकुळता हाच त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा, असे अनेक ख्रिस्ती धर्मगुरू आजही अशा पीडितांना समजावितात. ते योग्यच आहे. संदर्भापासून तोडलेले एक वचन माणसाचे उभे आयुष्य काळवंडून टाकू शकते. म्हणून धर्मवचनाचा अर्थ सांगणाऱ्याने ते कोणाला उद्देशून उच्चारले गेले, हे आधी सांगितले पाहिजे. शुभवर्तमानातील तो इशारा शास्त्र्यांसाठी होता. रात्र रात्र रडणाऱ्या कूपरसाठी नव्हे.