मागें वळलेलें हँडल

हल्लीं शाळेंत येणाऱ्या पुष्कळ सायकलींस सरळ हँडल दिसतें. डोंगरवाटेवर पुढें ओणवून तोल सावरण्यास तें उत्तम. परंतु पाठीवर दप्तर घेऊन गर्दींतून येणाऱ्या मुलास तें सोयीचें नाहीं, असें आमचें मत आहे. त्यावर मनगटें वांकडीं होतात, अंगाचा भार तळव्यांवर येतो आणि करंगळीकडील मज्जातंतु दबून बोटें बधिर होऊं शकतात. इंग्लंडांत 'नॉर्थ रोड' नांवानें रूढ झालेल्या, मागें वळलेल्या हँडलावर हात सहज पडतात, पाठ ताठ राहते व दृष्टि रस्त्यावर असते. त्यानें वारा अधिक लागतो व भार बैठकीवर येतो हें खरें. म्हणून बैठक रुंद घ्यावी. पालकहो, सायकल घेतांना केवळ डौल पाहूं नका. मुलाचीं मनगटेंहि पाहा.