फाटकाची किल्ली कोणाकडे?

आमच्या हिरकणीवाडीत बाग नाही. रायगडाच्या पायथ्याच्या वाडीला ती लागलीही नसती. अंगणाबाहेर पाऊल टाकलं की डोंगरच सुरू होतो. पण १९९६ साली इथून गडावर रोपवे सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी गाड्या उभ्या राहतात आणि रस्त्याकडेची जी जागा पोरांची होती, ती पार्किंगची होते. त्यामुळे अधूनमधून विषय निघतो, गावानं एखादा तुकडा बागेसाठी राखावा. झोपाळे, घसरगुंडी, म्हाताऱ्यांना दोन बाकडी. मग लगेच कुणीतरी म्हणतं, कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा, नाहीतर बाहेरचे लोक डबे खाऊन घाण करून जातील.

कुलपाचं नाव निघालं की मला महाडचं चवदार तळं आठवतं.

बाजारहाट उरकला आणि एसटीला अवकाश असला की आमच्याकडचा माणूस तळ्यावर जाऊन टेकतो. ऐन वस्तीतलं पाणी, काठानं फिरायला वाट, बाबासाहेबांचा पुतळा. पिशवी पायाशी ठेवून बसलेल्या माणसाला तिथं कुणी जात विचारत नाही. ही साधी गोष्ट मिळायला किती कागद आणि किती डोकी फुटली, ते बाग मागणाऱ्या प्रत्येक गावानं एकदा वाचावं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये त्याला धरून तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर. पुढची तीन वर्षं त्या कागदाच्या भरवशावर कुणी पाण्यात हात घातला नाही. घालू दिला नसता. मुसलमान तिथं पाणी घेत, गुरंढोरं पीत, आणि ठरावानं हक्क मिळालेला माणूस तहानलेला परत जाई.

मार्च १९२७ मध्ये महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आलेल्या माणसांसाठी आयोजकांना ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. भरलेलं तळं हाकेच्या अंतरावर आणि इथं पाण्याला दाम मोजायचे! २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर मोर्चानं तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. मंदिरात घुसणार अशी आवई उठली, परत निघालेल्या माणसांवर लाठ्या पडल्या आणि मग १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली.

मला जास्त बोलका वाटतो तो नंतरचा, कचेरीतला भाग. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होताना, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. ज्या हातांनी फाटक उघडलं होतं, त्याच हातांनी ते लावलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि तात्पुरता मनाई हुकूम घेऊन आली. म्हणणं असं की तळं सार्वजनिक नाही, खासगी आहे. आणि तसं नसलं तरी अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट पूर्वापार आहे.

कोर्टासमोर आलेलं तळ्याचं वर्णन मुद्दाम सांगतो. चार-पाच एकरांचं तळं, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरं, काठावरच्या काही पट्ट्या आणि पायऱ्या त्या घरवाल्यांच्या. रस्ता गावाचा, पाणी गावाचं, पण दारासमोर आहे म्हणून ते आपलंच, असं पिढ्यानपिढ्या धरून चाललेलं. बागांच्या बाबतीत आजही हेच होतं. बागेसमोर ज्याची खिडकी उघडते, तो हळूहळू बागेचा राखणदार होतो आणि मग मालक.

खालच्या कोर्टापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत दावा गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला: अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही, दावेदारांचं अपील नामंजूर.

वाडीनं बाग करावीच, असं माझं मत आहे. पण झोपाळ्याचा रंग ठरवण्याआधी दोन कामं व्हावीत. कुणी मोठ्या मनानं जागा देऊ केली तर तोंडी शब्दावर राहू नये. ती सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीच्या नावे चढवून घ्यावी. देणारा उदार असतो, त्याच्या नातवाची खात्री कुणी द्यावी? आणि बाग कुणाला किती वेळ खुली, हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावं. त्यात आदिवासीवाडीतली पोरं, खाली उतरलेला पर्यटक, वाटेवर दमलेला हमाल, सगळे यावेत. एवढं करूनही कागद पुरत नाही, हे महाडनं दाखवलंच आहे. तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी तिथं जाऊन बसायची सवय लावून घ्यावी.

कुलूप मात्र नको. कचरा रोज सकाळी झाडता येतो. आत कुणी यावं हे ठरवणारा एकदा दारात बसला, की त्याला उठवायला दहा-दहा वर्षं कोर्ट चढावं लागतं.