पावतीवरचा आकडा आणि नाक्यावरचा माणूस

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीत एखाद्या धान व्यापाऱ्यानं पावत्यांसाठी संगणक घेतला असं धरून चालू. सकाळी एका शेतकऱ्याच्या काटापावतीवर ४१२ छापलं, सांजेला दुसऱ्याच्या पावतीवर ५६०. टपरीवर चहा पिता पिता शेजारच्या व्यापाऱ्यानं दोन्ही पावत्या पाहिल्या आणि वजाबाकी केली. आज इथं १४८ वजनं झाली, हे त्याला कळलं. हेरगिरी नाही, फोडाफोडी नाही, तिसरीतलं गणित.

हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हेच केलं. पकडलेल्या जर्मन रणगाड्यांवरचे क्रमांक मांडून ऑगस्ट १९४२मध्ये ३२७ रणगाडे तयार झाले असावेत, असं त्यांनी काढलं. हेरखात्याचा अंदाज होता १५५०. युद्धानंतर जर्मन दप्तरात आकडा सापडला ३४२. क्रमांक बोलका असतो, आणि तो कोणाशीही बोलतो.

म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी एक तोड काढली आहे. दप्तरात क्रमांक सरळ ठेवायचा, बाहेर मात्र गुणून फिरवलेला दाखवायचा. तीन आकड्यांत करून पाहा. क्रमांकाला ७७नं गुणा आणि शेवटचे तीन अंक ठेवा: ४१२चे ७२४ होतात, ५६०चे १२०. परत यायचं तर १३नं गुणा, पुन्हा शेवटचे तीन अंक: ७२४चे ४१२, १२०चे ५६०. गुपित एवढंच की ७७ गुणिले १३ म्हणजे १००१. प्रत्यक्षात आकडे मोठे असतात, युक्ती हीच. दप्तरात जादा रकाना लागत नाही, आणि दोन पावत्यांना एकच आकडा कधी येत नाही.

या युक्तीचे भक्त मात्र म्हणतात, आकडा ओळखता येत नाही म्हणजे कागद सुरक्षित झाला. हे मला मुळीच मान्य नाही. लागोपाठच्या दोन पावत्या घ्या, ४१२ आणि ४१३. बाहेर दिसतात ७२४ आणि ८०१. वजा करा: ७७. किल्ली पावतीवरच छापली की! मधे आणखी फिरवाफिरव केली तर शोधणाऱ्याला चार पावत्या जास्त लागतील, इतकंच.

शिवाय दुखणं मुळात क्रमांकाचं नाहीच. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ‘फर्स्ट अमेरिकन’ या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सुमारे ८८ कोटी ५० लाख कागद उघडे असल्याचं बाहेर आलं. दुव्यातला एक अंक बदलला की दुसऱ्याच कोणाची तरी बँकेची कागदपत्रं समोर. लोक म्हणाले, क्रमांक ओळीनं होते म्हणून घडलं. मी म्हणतो, दारावर कोणी विचारणाराच नव्हता म्हणून घडलं. नाकाडोंगरीच्या नावातच नाका आहे. नाक्यावर ट्रकची नंबरप्लेट रंगवून कोणी सुटत नाही. तिथला माणूस कागद मागतो. मागणाऱ्याला हा कागद पाहायचा हक्क आहे का, हे दर वेळी विचारणं म्हणजे नाका. आकडा फिरवणं म्हणजे प्लेटवर चिखल.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हे सोवळे लोक. त्यांच्या मते उलटवता येणारी लपवाछपवी म्हणजे निव्वळ भ्रम. ओळख हवी तर १२८ बिटांची यादृच्छिक द्यावी. लिहिली की ती ३६ चिन्हांची होते. ती फोनवर सांगून पाहा! ‘पावती नंबर सांगा’ म्हटल्यावर म्हातारा शेतकरी ‘सी, चार, एफ, आडवी रेघ’ असं छत्तीसदा वाचणार? सहा आकडे तो बिनचूक वाचतो. त्यात तपासणीचा एक अंक जोडला तर चूक तिथल्या तिथे पकडताही येते. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक तेवढ्यासाठीच आहे.

आणि आधारचंच बघा. पहिली आधार ओळख २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिली गेली. तो क्रमांक यादृच्छिक. त्यावरून गाव, जात, वय काही निघत नाही. जन्मभर लागणाऱ्या ओळखीला हेच योग्य. तरीही तो चारचौघांत देणं अवघड वाटलं, म्हणून २०१८मध्ये १६ अंकी आभासी ओळख आली. ती बदलता येते आणि गणितानं उलटवता येत नाही. जोडणी दप्तरातल्या नोंदीत असते. गुणाकाराच्या युक्तीत हे जमत नाही. ७७ बदलले की आधी छापलेली प्रत्येक पावती मेली. एवढी मर्यादा मान्य करूनही व्यापाऱ्याच्या पावतीला मी गुणाकारच सुचवीन. त्याला लपवायची आहे ती उलाढाल, आणि तीही टपरीवरच्या सहज नजरेपासून. तेवढ्या कामाला हे हत्यार पुरतं, फुकट आहे आणि फोनवर सांगता येतं. (नोंदी गुप्तच राखायच्या असतील तर फैस्टेल पद्धतीचं खरं कूटलेखन आहे. तेही उलटवता येतं, आणि वजाबाकीनं फुटत नाही.)

पण एक ठिकाण असं आहे, जिथे मी ही युक्ती कोणाला लावू देणार नाही. तलाठ्याच्या गाव नमुना ६मध्ये फेरफार ओळीनं नोंदवतात. मधेच मागच्या तारखेची नोंद घुसवायची तर तिला नंबर कुठून आणणार? ओळ हाच तिथला साक्षीदार. सरकारी धान खरेदीच्या टोकनचंही तेच. १२ नंबरवाला ट्रॅक्टर लावून रात्रभर बसला आहे आणि पहाटे १३ नंबरचा माल आधी काट्यावर चढला, तर १२वाला आवाज चढवतो, चार माणसं गोळा होतात. तिथे कोणी हौशी प्रोग्रॅमरनं आकडे फिरवून दिले, तर १२वाल्याच्या हातात असेल ९२४ आणि १३वाल्याच्या हातात ००१. मग तो बिचारा स्वतःच बाजूला सरकेल आणि म्हणेल, जाऊ द्या बापा, त्याचाच नंबर पहिला.