शत्रूचा हल्ला झाला, पण सरकारने लपवला? असा मेसेज आला तर काय तपासायचं?

महाड-पोलादपूर समुद्रापासून आत आहे, पण रायगडच्या किनाऱ्यावर काही घडलं की इथलेही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात.

'ऑपरेशन सिंदूर'ला दोन महिने झाले होते. 6 जुलै 2025 च्या रात्री कोर्लईजवळ समुद्रात रडारवर संशयास्पद पाकिस्तानी बोट दिसल्याची बातमी आली. मोठी शोधमोहीम झाली. ती बोट नव्हती, मासेमारीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया होता, असं निष्पन्न झालं. पण अशा खुलाशावर अनेकांचा विश्वास बसत नाही.

का बसत नाही?

कारण रायगडने एकदा फसवणूक अनुभवली आहे. 1993 मध्ये दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी माल अडवला आणि लाच घेऊन सोडला. 12 मार्चला मुंबईत 257 जणांचा जीव गेला. पुढे पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले.

मग युद्धात सरकार हल्ला लपवू शकतं का?

14 एप्रिल 1944 चं उदाहरण पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकत्र होती. जपानने हल्ला केला, अशी अफवा उठली. इंग्रज सरकारने बातम्यांवर सेन्सॉर लावला. पण जपानच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. हादरा तर सिमल्याच्या भूकंपमापकावरही नोंदला गेला होता. चौकशीत हा अपघात असल्याचं पुढे आलं.

म्हणजे स्फोट झाकता आला नाही. काही काळ झाकले गेले ते मृतांचे आकडे, नुकसान आणि निष्काळजीपणा. आणि सरकार गप्प राहिलं, तेवढी अफवा वाढली.

म्हणून 'हल्ला झाला, पण कुणालाच कळू दिलं नाही' असा मेसेज आला, तर आधी खुणा शोधा. जखमी कुठल्या दवाखान्यात आहेत? त्या गावातल्या ओळखीच्या माणसाने काय पाहिलं? व्हिडिओ जुना तर नाही ना? मे 2025 मध्ये हजिरा बंदरावरचा हल्ला म्हणून फिरलेला व्हिडिओ 2021 चा निघाला होता.

खुणा नसतील तर मेसेज पुढे पाठवू नका. खुणा असतील, तर सरकारला कारण, आकडे आणि जबाबदार कोण ते जरूर विचारा.