बहात्तरावा हिस्सा

'जरा विश्रांती घ्या' हा सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून तो जो तो देतो. डॉक्टर देतात, शेजारी देतात, आणि ज्यांच्यामुळे आपली विश्रांती हरपलेली असते तेही देतात! पण विश्रांती घ्यायची म्हणजे नेमके करायचे काय, हे कोणी सांगत नाही. आरामखुर्चीत पडून राहावे, तर अंग थांबते आणि मन दुप्पट वेगाने धावू लागते. मोबाईल हाती घ्यावा, तर तासाभराने डोळेही थकलेल्यांच्या यादीत जातात. विन्स्टन चर्चिलने राज्याचा भार वाहता वाहता यावर तोडगा शोधला होता. तो चित्रे रंगवी, आणि चार्टवेलच्या आपल्या घरी चक्क गवंड्यासारखा विटा रची. दमलेले डोके नुसते रिकामे ठेवून भागत नाही, त्याला निराळे काम द्यावे लागते, हे त्याला पुरते उमगले होते.

माझ्या हाती विटा शोभत नाहीत. निलंग्यासारख्या गावात मराठी शिकविणाऱ्या माणसाच्या हाती खडू असावा, फार तर लाल पेन असावे, अशी लोकांची अपेक्षा असते. त्यामुळे दसऱ्याच्या सुटीत माझ्या टेबलावर प्लॅस्टिकचे लढाऊ विमान आकार घेऊ लागले, तेव्हा शेजारच्या निवृत्त गुरुजींनी चष्मा सारखा करीत विचारले, "सर, घरात कोणी लहान मूल आलंय का?"

आले होते, पण ते लहान मूल अठरा वर्षांचे होते. आमची कन्या लातूरहून सुटीला आली होती.

लातूरचे नाव काढले की साऱ्या महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' आठवतो, आणि त्याचा आम्हा जिल्हावासीयांना अभिमानही आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'साठी कन्येचे तेथे दुसरे वर्ष चालू होते. ज्यांच्या घरी हा यज्ञ झालेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो : प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला अधिक चार आणि चुकलेल्या उत्तराला वजा एक. या 'वजा एक'ने आमच्या घरात केव्हा पाऊल टाकले, ते कळले नाही. मुलगी ताटावर बसली, आईने "भात वाढू का गं?" असे विचारले, तरी ती उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थबके. जणू चुकीचे उत्तर दिले तर एक गुण कापला जाणार होता! पुस्तके मिटून ठेवण्याविषयी सांगून पाहिले. तिने ती मिटली, आणि छताकडे पाहत मनातल्या मनात वाचू लागली.

मिग-२१ या विमानाला वायुदलाने निरोप दिला, तो २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदिगडला. हे विमान आपल्याकडे १९६३ साली आले, आणि पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात त्याची शेकडो विमाने तयार झाली. म्हणजे एका परीने ते मराठी मातीतलेच! निरोपाच्या बातम्या ताज्या असतानाच मी त्याच्या प्रतिकृतीची पेटी टपालाने मागविली.

या पेट्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडातील एअरफिक्स कंपनीने १९५२ साली 'गोल्डन हाइंड' या जहाजाची प्रतिकृती काढली. ती स्वस्तात विकता यावी म्हणून जोडणी गिऱ्हाइकावरच सोपविली, आणि सुटे भाग पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकायला ठेवले. पुढच्या वर्षी स्पिटफायर विमान त्याच रीतीने आले. जोडणीचे कष्ट गिऱ्हाइकाने करायचे आणि त्यासाठी पैसेही त्यानेच मोजायचे, अशी ही युक्ती, आणि लोक त्या कष्टांवरच लुब्ध झाले! या छंदात एकास बहात्तर हे प्रमाण फार चालते. सहा फुटांचा माणूस त्यात एक इंचाचा होतो. मिगच्या पंखांचा खरा पसारा सात मीटरांहून थोडा अधिक. आमच्या टेबलावर तो दहा सेंटिमीटरांत मावला.

चिंचेच्या फांदीला चिंचा लटकाव्यात, तसे सारे भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात. प्रथम ते साबणाच्या पाण्यात धुवायचे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग नखे कापायच्या कात्रीने एकेक भाग सोडवायचा आणि काचकागदाने कडा साफ करायची. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वी नाकात वजन घालायचे. नाही तर तीन चाकांवर उभे राहण्याऐवजी ते शेपटीवर बसते. आम्ही सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे छरे आणले. दोन अर्ध्यांना रबराने बांधून, कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवले. या कामाचा गोंद मोठा विलक्षण असतो. तो नुसता चिकटवीत नाही, प्लॅस्टिक किंचित विरघळवितो. दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, आणि सुकल्यावर त्या दोन राहतच नाहीत. पण सुकायला वेळ लागतो, आणि कितीही हुशार विद्यार्थ्याला तो वेळ कमी करता येत नाही. कन्या पहिल्या दिवशी तीनदा घड्याळ पाहून गेली. तिसऱ्या दिवशी तिला घड्याळाची आठवण राहिली नाही.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण तिने घरातल्या झटपट गोंदाने चिकटविले. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते, आणि पाहता पाहता झाकण मोतीबिंदू झाल्यासारखे पांढुरके झाले. मुलीचा चेहराही तसाच झाला. "बाबा, माझ्यामुळं सगळं गेलं!"

"काही गेलं नाही. दात घासायची पेस्ट आण," मी म्हटले.

झाकण अलगद सोडविले. मऊ फडक्यावर किंचित पेस्ट घेऊन ती गोल गोल घासत बसली. अर्ध्या तासाने धुके बरेच विरले. पूर्ण नव्हे, पण आत बसलेला अर्ध्या इंचाचा वैमानिक दिसू लागला. त्याच्याकडे पाहत ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, खऱ्या विमानात याच्या हातून चूक झाली तर?"

या प्रश्नाला पेस्ट लावून भागण्यासारखे नव्हते. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे सांगितले होते : मिग जातीची ८७२ विमाने घेतली, त्यांतली ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक दगावले. २००१ साली राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्या अपघाताचा दोष मुलाच्या माथी राहू नये म्हणून त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी दीर्घ काळ लढा दिला. या अपघातांची कारणे अनेक होती, पण एक कारण मला शिक्षक म्हणून विशेष बोचते. संथ विमानावर शिकलेली पोरे एकदम या अतिवेगवान विमानात बसविली जात. मधली पायरीच नव्हती. ती पायरी हवी, म्हणजे शिकाऊ वैमानिकांसाठी प्रगत जेट विमान हवे, असे ला फाँटेन समितीने १९८२ सालीच सांगितले होते. ते हॉक विमान वायुदलात आले २००८ साली! आले कोठे, तर आमच्या पूर्वेला, बिदरच्या तळावर. त्यात पुढे शिकणारा बसतो आणि मागच्या, जरा उंच आसनावर त्याचा गुरू. पुढच्याचा हात चुकला, तर मागचा सावरतो.

हे सगळे मी मुलीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे चुकायला जागा पाहिजे होती, ती उशिरा दिली."

वाचकहो, इतकी वर्षे मी शिकवितो आहे, पण शिक्षणाचे इतके नेमके वाक्य मला सुचले नव्हते. आमच्या नीलकंठेश्वराच्या देवळातील शिल्पे ज्याने घडविली, त्यानेही आधी कोठेतरी साध्या दगडावर छिन्नी चुकविली असेलच. परीक्षेत चुकीची किंमत असते, असायलाही हवी. जो उद्या रोग्यावर इलाज करणार, त्याला नेम धरता आला पाहिजे. पण ज्या मुलांच्या दिवसातील प्रत्येक तासावर 'वजा एक'चा पहारा बसविलेला आहे, ती थकतील नाही तर काय? प्लॅस्टिकच्या विमानातली विश्रांती मला तेथे दिसली. त्यात काम कमी नाही, एकाग्रता कमी नाही. आकाराबरोबर चुकीची किंमतही बहात्तराव्या हिश्शावर येते, एवढेच. फट राहिली तर लुकण भरावे, रंग ओघळला तर घासून पुन्हा द्यावा. आणि कोणी गुण देत नाही!

शेवटच्या दिवशी कोमट पाण्यात भिजवून पंखांवर वायुदलाची चक्रे चढविली : बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. एक चक्र किंचित तिरके बसले. कन्येने ते पाहिले, मान वाकडी करून पुन्हा पाहिले, आणि म्हणाली, "राहू द्या!" त्या रात्री आईने भाताचे विचारले, तेव्हा उत्तर ताबडतोब आले, आणि आणखी वरणाची मागणीही आली. पुढे परीक्षेचे काय झाले, असे कोणी विचारील. तो या लेखाचा विषय नाही.

दिवाळीत पुण्यामुंबईकडे अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. आमच्या भागात पोळ्याला मातीचे बैल होतात. त्या किल्ल्यांवरचा मावळा दरवाजाहून उंच असतो, आणि कोणा वडीलधाऱ्याला ते दुरुस्त करण्याचा मोह होतो. त्याने तेवढा तो आवरावा. बुरूज ढासळला तर ढासळू द्यावा. चिखल ओला आहे तोवर मुले तो पुन्हा रचतात, आणि बहुधा आधीपेक्षा जरा सरळ रचतात.